टोस्टला ताट लागत नाही

४ फेब्रुवारी

सूनबाईस आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र मिळालं. फोन करू नकोस म्हटलं म्हणून राग मानू नकोस. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते आणि मग मी उगाच ‘हो, हो’ म्हणत बसतो. परवा तू ‘बसमध्ये उलटी झाली’ म्हणालीस आणि मी ‘छान, छान’ म्हणालो, असं शेजारचे घड्याळवाले सांगत होते. त्यापेक्षा पत्र बरं. पत्र दोनदा वाचता येतं.

बदली मागून घेतलीस ते चांगलंच केलंस. बाळ्या गेल्यापासून तू आतल्या खोलीत भिंतीकडे बघत बसायचीस आणि मी बाहेर शिलाई मशिनवर. एकाच घरात राहून आपण दोघं एकमेकांना चुकवत होतो. तू चहा करायला उठलीस की मी दुकानाचं दार झाडायला जायचो. आता निदान चुकवायचा त्रास नाही.

दुकान चालू आहे. नवं शिवायला कोणी येत नाही, सगळं दुरुस्तीचंच. पॅंटची लांबी कमी करा, चेन बदला, कमरेत सैल करा. माणसं जाड होतात आणि शिंप्याकडे असं बघतात, जसं काही आपणच कापड आटवलं.

जेवणाची काळजी करू नकोस. व्यवस्थित जेवतो.

बाबा

१३ फेब्रुवारी

बाबा, नमस्कार.

व्यवस्थित म्हणजे काय? तुम्ही ‘व्यवस्थित’ म्हणालात की मला धडकी भरते. बाळ्यालाही तीच खोड होती, तुमचाच मुलगा तो. ताप असला तरी ‘व्यवस्थित आहे’.

माझी खोली रंगाच्या दुकानाच्या वर आहे. दिवसभर टर्पेंटाइनचा वास येतो, आता येईनासा झालाय, म्हणजे मला सवय झाली असणार. ऑफिसात जमिनीचे नकाशे काढायचे काम तेच, फक्त खुर्ची वेगळी. दुपारी कॅन्टीनच्या बाई ताट समोर ठेवतात, मी खाते. काय होतं ते विचारलंत तर सांगता येणार नाही.

एकजण म्हणाली, ‘तुम्ही फार धीराच्या आहात हो. नवरा असा डेपोत मागे येणाऱ्या ट्रकखाली गेला आणि तुम्ही सहा महिन्यांत कामाला लागलात.’ धीर कुठला! दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं झालंय मला. कोणी चापट मारली तरी ‘कोणाला लागलं?’ असं विचारीन.

ते असो. रोज सकाळी एक अंडं. दुपारी पालेभाजी आणि मसूर. संध्याकाळी दूध. शक्य होईल तेव्हा मासा. एवढं करा आणि काय खाल्लं ते मला लिहा. ‘व्यवस्थित’ लिहाल तर पत्र परत पाठवीन.

तुमची सून

२६ फेब्रुवारी

सूनबाईस आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं चालू आहे. सकाळी अंडं उकडतो. पालक आणतो, देठं वेगळी काढतो, बारीक चिरतो. मसूर रात्रभर भिजत घालतो. दुधात साखर घालत नाही. झालं समाधान?

परवा एक गंमत झाली. शाळेच्या हेडमास्तरांचा पांढरा शर्ट होता, कॉलर उलटवायची होती. हाताने टाके घालत होतो आणि बघतो तर कॉलरवर लाल ठिपके. मला वाटलं, मास्तरांनी लाल शाई सांडली असणार. मग लक्षात आलं, सुई माझ्याच बोटात गेलीय, चांगली आत, आणि मला पत्ताच नाही. थंड पाण्याने डाग काढला. मास्तरांना काही कळलं नाही.

पायांचंही तसंच. चालताना कापसावरून चालल्यासारखं वाटतं. मशिनच्या पायट्यावर पाय आहे की नाही ते खाली वाकून बघावं लागतं. सगळं बधिर झालंय. वय झालं, दुसरं काय.

बाबा

५ मार्च

बाबा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि कितीतरी दिवसांनी वाटलं, आपल्याला काय झालंय ते कळणारं कोणीतरी आहे. तुम्ही लिहिलंत, सगळं बधिर झालंय. माझंही अगदी तेच. माझे पाय ठीक आहेत, पण तेच. आपलं दोघांचं एकच माणूस गेलं, मग आपल्याला होणारही एकच.

इथे ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, दुःख अंगात उतरतं, त्याला वेळ द्यावा लागतो. तर वेळ देऊ. तुम्ही त्यावर उपाय शोधत बसू नका, मीही नाही शोधत. खाणं मात्र सोडू नका. पालकाची देठं वेगळी काढता हे वाचून बरं वाटलं. मी भाजी करायचे तेव्हा कधी काढत नव्हते, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत.

तुमची सून

७ एप्रिल

सूनबाईस आशीर्वाद.

उशीर झाला. उजवा हात जरा भाजलाय म्हणून अक्षर असं. इस्त्री करताना कापड जळल्याचा वास आला, बघितलं तर कापड ठीक होतं.

काळजीचं कारण नाही. मलम लावलंय. दुकान दोन-चार दिवस बंद.

बाबा

२० एप्रिल

बाबा,

काल परत पोचले. गाडीत बसल्यापासून तुमच्यावर चिडायचं ठरवत होते. तोंडावर मी काही बोलले नाही, आणि कपाट उघडल्यावर तुम्हीही खिडकीकडे तोंड करून बसलात. म्हणून लिहिते.

तुमचं ते वाकडं अक्षर आणि ‘कापड ठीक होतं’ हे वाक्य वाचलं आणि मी सुटी टाकून निघाले. कपाटात काय होतं? टोस्ट. वरच्या फळीवर टोस्ट, खालच्या फळीवर टोस्ट आणि साखरेचा डबा. फ्रिजमध्ये मशिनच्या तेलाची बाटली. फ्रिजमध्ये तेलाची बाटली कोण ठेवतं हो? कुठलं अंडं आणि कुठला पालक! खोटं बोलायचं तर ‘पालक खातो’ म्हणून सोडून द्यायचं. देठं काढण्यापर्यंत जायची काय गरज होती? त्या देठांवर मी विश्वास ठेवला.

आणि दवाखान्यात! डॉक्टरीणबाईंनी तो लोखंडी काटा, आपटून वाजवला की थरथरत राहतो तो, तुमच्या घोट्यावर टेकवला आणि विचारलं, ‘थरथर जाणवते का?’ तुम्ही म्हणालात, ‘हो, हो.’ त्यांनी तो वाजवलेलाच नव्हता. मग खरंच वाजवला, तरी तुम्ही तसंच ‘हो, हो.’ तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘यांना काहीच जाणवत नाहीये.’ डोळे मिटून उभं राहा म्हणाल्या, तर तुम्ही सरळ माझ्या अंगावर आलात. तुमचं वजन किती कमी झालंय ते मला तेव्हा कळलं. धरायला जोर लागलाच नाही.

तुम्हाला त्यांचं सगळं ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. रक्तात बी-बारा जवळजवळ नाहीच. हिमोग्लोबिन कमी. हे काही बाळ्या गेल्यावर सुरू झालेलं नाही, कित्येक वर्षं चाललंय. वय वाढलं की पोट ते नीट शोषत नाही, आणि तुमच्या खाण्यात तर ते येतच नव्हतं. नसा सुकत चालल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, ‘आमच्याकडे मृत्यू झालाय, आम्हाला वाटलं दुःखाने असेल.’ त्या म्हणाल्या, ‘दुःख असेलच. पण पाय दुःखाने बधिर होत नाहीत. आणखी काही महिने असे काढले असते तर चालणं परत आलं नसतं.’

मी तुम्हाला लिहिलं होतं, उपाय शोधू नका. ते वाक्य गाडीत सारखं आठवत होतं.

इंजेक्शनं चुकवायची नाहीत. आणि खायचं. काय खायचं ते भिंतीवर लावून आलेय.

तुमची सून

४ मे

सूनबाईस आशीर्वाद.

चिडलीस ते बरं केलंस. घरात कोणीतरी चिडलं की घर घरासारखं वाटतं.

मुद्दाम केलं नाही, एवढं मान. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात नव्हतं. भूकच लागत नव्हती. तुझ्या सासूबाई गेल्यापासून स्वयंपाक करायचो, पण तो बाळ्यासाठी आणि मग तुझ्यासाठी. दोघांचं जेवण झालं की पातेल्याच्या तळाशी राहील ते मी खायचो. अंडं तर बाळ्याच्याच ताटात जायचं, तो लहान होता तेव्हापासून. पस्तिशी उलटली तरी माझं अंडं त्याला, आणि तोही मुकाट्याने खायचा. तो गेल्यावर कोणाला वाढायचं तेच राहिलं नाही.

आणि टोस्टला ताट लागत नाही. ताट काढलं की टेबलापाशी बसावं लागतं, बसलं की समोरची खुर्ची दिसते. टोस्ट मशिनपाशी उभ्याने चहात बुडवून खाता येतो. दोन मिनिटांत जेवण संपतं. सोय म्हणून सुरू केलं, मग तेच चालू राहिलं. तुला ‘खातो’ लिहायचो तेव्हा वाटायचं, उद्यापासून खाऊच, म्हणजे आज लिहिलेलं खोटं ठरणार नाही.

इंजेक्शन घ्यायला जातो. जन्मभर सुई धरली, आता सुईच्या दुसऱ्या टोकाला बसतोय. पहिल्या दिवशी टोचलेलं कळलंच नाही. कंपाउंडर म्हणाला, ‘काका, शूर आहात.’ मी म्हटलं, ‘हो, हो.’

काल अंडं उकडलं. फुटून पाण्यात पसरलं. जे हाताला लागलं ते खाल्लं. चव लागली नाही. पण खाल्लं, हे खरं आहे. घड्याळवाले साक्षीला होते, विचार त्यांना.

मसूर कसा करायचा ते सविस्तर लिही. इतकी वर्षं तुझ्या सासूबाईंनी शिकवलेल्या तीन-चार गोष्टींवरच निभावलं, त्यात मसूर नव्हता.

बाबा

१७ मे

बाबा, नमस्कार.

मसूर: एक वाटी धुऊन तासभर भिजवा. कांदा बारीक चिरून थोड्या तेलात परता, टोमॅटो घाला, मसूर घाला, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, मीठ. मऊ होईपर्यंत मंद आचेवर ठेवा. शेवटी मूठभर पालक. लिंबू पिळायला विसरू नका, त्याने लोह अंगाला लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोह अडवतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुमचा जीव चहात अडकलाय हे माहीत आहे. दोन तासांनी घ्या.

अंडं फुटू नये म्हणून फ्रिजमधून काढून लगेच उकळत्या पाण्यात टाकायचं नाही. थंड पाण्यात घालून मग गॅस लावायचा. तेलाची बाटली फ्रिजमधून काढली असेल असं समजते.

इथे उकाडा वाढलाय. काल कॅन्टीन बंद होतं, मग आम्ही डबे मागच्या जिन्यात बसून उघडले. मी वर लिहिलाय तसाच मसूर केला होता, जरा खारट झाला. संध्याकाळी बस आली नाही, म्हणून आम्ही चालतच घरी आलो. बऱ्याच दिवसांनी एवढं चालले.

पाय कसे आहेत? खरं लिहा.

तुमची सून

१५ जून

सूनबाईस आशीर्वाद.

खरं लिहितो. पाय वाईट आहेत. आधी काही वाटत नव्हतं, आता तळव्यांना आग होते, मुंग्या येतात, पांघरुणाचा स्पर्श नकोसा वाटतो. मला वाटलं बिघडलं. डॉक्टरीणबाईंकडे गेलो तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, ‘नसा जाग्या होतायत, आता थोडं सोसा.’ परत काटा लावला. या वेळी जिथे कळलं नाही तिथे ‘नाही’ म्हणालो. गुडघ्याला कळतंय. घोट्याला अर्धवट.

मसुराचं सांगतो. तू ‘एक वाटी’ लिहितेस, पण कुठली वाटी? आपल्याकडे तीन मापांच्या वाट्या आहेत. आणि ‘चिमूटभर’, ‘मूठभर’ हे काय माप झालं? गिऱ्हाइकाला मी ‘बाही चिमूटभर आखूड करतो’ म्हटलं तर तो कपडे घेऊन पळेल. पहिला मसूर खाली लागला. दुसरा कच्चा. तिसरा घड्याळवाल्यांना दिला. त्यांनी चमचा तोंडात ठेवून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘औषध म्हणून चांगला आहे.’

चौथा मात्र जमला. टेबलापाशी बसून खाल्ला. खुर्ची दिसली. दिसली तर दिसली. ताट संपेपर्यंत बसलो.

दुधाचं पोटाला झेपेना, म्हणून दही घेतो. चहा दोन तासांनी. हे सगळ्यात अवघड आहे, मुलगा गेल्यासारखं

ते वाक्य तसंच राहू देतो, खोडत नाही. असं लिहून जाईल असं वाटलं नव्हतं.

एक विचारायचं होतं. तुझ्या मागच्या पत्रात ‘आम्ही’ आहे. जिन्यात आम्ही, चालत आलो आम्ही. आधीच्या पत्रांत सगळं ‘मी’ होतं. सोबत कोणी जेवायला असेल तर चांगलंच आहे. कोण, ते सांगायलाच हवं असं नाही.

बाबा

२९ जून

बाबा, नमस्कार.

चार दिवस पत्र नुसतं समोर ठेवून बसले होते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर धाडस झालं नसतं.

तो आमच्याच ऑफिसात छपाईच्या विभागात आहे. मी नकाशा काढते, तो छापतो. वयाने माझ्याएवढाच. लग्न झालेलं नाही, आई असेपर्यंत तिचं आजारपण काढण्यात वर्षं गेली. फार बोलत नाही. मार्चमध्ये एकदा मी कॅन्टीनमध्ये ताटासमोर बसून होते, खायचं विसरून. सगळे उठून गेले तरी हा समोर बसून राहिला. म्हणाला, ‘तुमचं होऊ द्या, मला घाई नाही.’ रोज तसाच बसायचा. बाळ्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. मीच सांगितलं एक दिवस, सगळं.

मागच्या आठवड्यात त्याने लग्नाचं विचारलं. बाबा, मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. गालावरचं इंजेक्शन अजून उतरलेलं नाही. तरी तो नसला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हेही खरं.

मी त्याला ‘नाही’ म्हणून टाकीन, तुम्ही म्हणालात तर. मला एकच गोष्ट कळत नाहीये. मी ‘हो’ म्हटलं तर मग मी तुमची कोण? पत्राखाली काय लिहायचं? तुम्हाला अंडं खाल्लं का म्हणून दटावायचा अधिकार मला बाळ्यामुळे मिळाला. तो राहील का?

तुमची सून

२६ जुलै

सूनबाईस आशीर्वाद.

वर ‘सूनबाईस’ लिहिलंय ते सवयीने नाही. आधी विचार केला, मग लिहिलं.

उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण सांगतो. तुझं पत्र वाचलं आणि मला तुझा राग आला. त्याचा तर आलाच. आता बाळ्याला आठवणारा मी एकटाच उरणार, असं वाटलं. गिऱ्हाइकांवर खेकसलो. घड्याळवाल्यांशीही बोललो नाही, त्यांनी दोन दिवस वाट बघून शेवटी विचारलं, ‘आमच्याकडून काही चूक?’ त्या आठवड्यात नीट जेवलो नाही. हेही खरं लिहितोय.

मग एका सकाळी डेपोत गेलो. बाळ्या गेल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो. आधी पायच गेले नसते, आणि त्याआधी मीच गेलो नसतो. चालत गेलो. काठी घेतली होती, पण टेकवली कमी. डेपोच्या आवारात खडी पसरलीय, ती चपलेतून टोचत होती. सारखी टोचत होती. वॉचमनला म्हटलं, ‘जागा दाखव.’ तो ओळखत होता मला. पत्र्याच्या शेडपाशी घेऊन गेला. तिथे काहीच नाही गं. नुसती खडी, एक जुना टायर आणि पाण्याचा पिंप. मी रडलो की नाही ते मला आठवत नाही. वॉचमनने धावत जाऊन खुर्ची आणून दिली, म्हणजे रडलो असणार.

तो म्हणाला, ‘तुमचा मुलगा डबा खाताना सगळ्यांना सांगायचा, बाबांना अंडं आवडत नाही, म्हणून मला दोन मिळतात.’ इतकी वर्षं त्याला तसंच वाटत होतं. मला बरं वाटलं. त्याने मन मारून खाल्लं नाही.

परत येताना भूक लागली. आठवण म्हणून नाही, वेळ झाली म्हणून नाही, खरी भूक. पोटात खड्डा पडल्यासारखी. रस्त्यात उभं राहून ही काय कळ येतेय म्हणून क्षणभर घाबरलोच. मग बाजारातून मासा घेतला. कोळिणीने साफ करून दिला, तळायचा कसा तेही सांगितलं. घरी येऊन केला, बसून खाल्ला, आणि काट्यापर्यंत चव लागली. मीठ कमी होतं. मीठ कमी होतं हे मला कळलं.

आता तुझं. तू मला विचारून ‘नाही’ म्हणू नकोस. मी विचारण्याजोगा माणूस नाही, मी कशालाही ‘हो, हो’ म्हणतो हे डॉक्टरांनीसुद्धा सिद्ध केलंय. पण हे ‘हो’ मी तुझं पत्र दोनदा वाचून म्हणतोय. जो माणूस तुझं ताट संपेपर्यंत बसून राहतो, त्याच्या शेजारी बस. तुला काही वाटत नाही म्हणतेस, तर ते वाटेल तेव्हा वाटेल. त्यासाठी जेवण थांबवू नकोस.

तू माझी कोण, याला मला शब्द सापडला नाही. शोधला. सापडला नाही म्हणून नातं नाही असं होत नाही. खाली काय लिहायचं ते तुझं तू ठरव. दटावणं बंद करू नकोस, डॉक्टरीणबाईंनी अजून वर्षभर इंजेक्शनं सांगितली आहेत.

पुढच्या महिन्यात दोघं या. तिसरी खुर्ची घड्याळवाल्यांकडून आणीन. स्वयंपाक मी करणार, तू मध्ये यायचं नाही.

तो काय खात नाही, तेवढं आधी कळव.

बाबा